शून्य प्रकरणांची शाळा

मुलांचं मन फार नाजूक असतं, म्हणून ते समितीच्या हाती द्यावं लागतं. मुलांनी स्वतःला इजा करून घेऊ नये यासाठी वराळ्याच्या एका शाळेत अशी समिती नेमली गेली. समुपदेशक म्हणून चित्रकलेच्या नीरजा मॅडम निवडल्या गेल्या. (त्यांचा आवाज हळू होता आणि बुधवारचे तास रिकामे.)

मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सरांनी धडाका लावला. 'हसरा बुधवार' सुरू झाला. न हसणाऱ्यांची नावं वर्गशिक्षकांकडे द्यायची होती. पुण्याहून तज्ज्ञ आले. 'मुलांना बोलू द्या' या विषयावर ते दोन तास बोलले. मध्येच एका मुलीने हात वर केला, तेव्हा तिला शिस्तीची समज देण्यात आली.

झोप न लागणं, जेवणावरून मन उडणं, एकटं राहणं ही तज्ज्ञांनी सांगितलेली लक्षणं समितीने पडताळून पाहिली. ती निम्म्या दहावीला आणि सबंध शिक्षकवर्गाला लागू पडली. तेव्हा ती रद्द करण्यात आली.

नीरजा मॅडमना मात्र तो वर गेलेला हात आठवत राहिला. तो नववीतल्या सईचा होता आणि भर एप्रिलात त्यावर स्वेटरची बाही होती. त्यांनी सरांच्या कानावर घातलं.

"स्वेटर शाळेच्याच रंगाचा आहे ना?" सर म्हणाले. "मग नियमात बसतंय."

त्या बुधवारी मॅडम समितीची बैठक सोडून सईपाशी चित्रकलेच्या वर्गात बसल्या. बऱ्याच वेळाने सईने स्वतःच बाही वर सरकवली. मग तिने विचारलं, "आईला सांगाल?"

"सांगावं लागेल. पण तुझ्यासमोर. मी असेन तिथे." मॅडम थांबल्या. "सई, तुला मरावंसं वाटतं का?"

सई चमकली. इतकं सरळ तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मरायचं नाहीये," ती म्हणाली. "हे सगळं थांबायला हवंय फक्त."

आणि ती रडू लागली. हसऱ्या बुधवारी रडायची सोय नव्हती. मॅडमनी ती केली.

आई ओरडली नाही. "मला वाटलं, तुला थंडी वाजते," एवढंच म्हणाली. दुसऱ्याच दिवशी दोघी तिला तळेगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बरं व्हायला वेळ लागणार होता. पण फार दाटून आलं की सई आता आईला हाक मारते.

शाळेच्या वार्षिक अहवालात प्रकरणं शून्य. (समुपदेशकच बैठकीला गैरहजर असल्याने हे प्रकरण समितीपुढे आलंच नाही.) गैरहजेरीबद्दल मॅडमना लेखी ताकीद मिळाली.

पुढे पालकसभेत मॅडमनी कुणाचंही नाव न घेता सांगितलं, "आज घरी जाऊन मुलांना सरळ विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा." सभा हेलावली. मग पहिला प्रश्न आला, "कोण हो ती मुलगी?" दुसरा आला, "आईवडील काय करतात तिचे?"

तिसरा प्रश्न आला नाही. असलं काही असतं ते दुसऱ्यांच्या घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाचकांनीही निश्चिंत असावं. तुमच्या मुलाला तुम्ही चांगलं ओळखता. त्याच्या खोलीचं दार बंद असतं ते अभ्यासासाठी.