मोस्यू रेजांचा वेगळा देश

इंग्रजी बोलायला लागू नये म्हणून दुबईत राहून हिंदी शिकला, असा गोरा माणूस तुम्ही बघितलाय? मी बघितलाय. माझा साहेबच होता तो. नाव रेजां. गाव कॅनडात, फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातलं. पण कॅनडाचा म्हटलं की डोक्यावरचं हेल्मेट काढून आपटायचा. "कॅनडा नहीं! केबेक! केबेक अलग है!" सर म्हटलेलं खपायचं नाही, ते इंग्रजांचं. फ्रेंचमधलं मोस्यू म्हणायचं. म्हटलं, म्हणू. आपल्याला काय.

मी शटरिंगचा सुतार, स्लॅबखालच्या फळ्या ठोकणारा, खानापूरकडचा. शाळा चौथीपर्यंत. दुबईतल्या अल बर्शाला एक टॉवर उठत होता, तिथं मी मेस्त्री आणि मोस्यू साइटचा इन्चार्ज. त्याची हिंदी बिहारी पोरांकडून उचललेली. "परशराम मेस्त्री कहाँ गयी? छत कब आएगी?" सगळं जग बाईमाणूस. एकदा म्हटलं, "मोस्यू, मला मिशा आहेत." तर म्हणतो, "हमारे यहाँ मूँछ भी औरत है." म्हटलं, "आमच्यात पण. म्हणून मी बाई होतो काय?" पोट धरून हसला, पण सुधारला नाही.

साइटच्या गेटवर थांबा म्हणून पाटी होती, वर अरबी आणि खाली इंग्रजी. मोस्यूनं एका दुपारी ब्रश घेऊन इंग्रजीवर पांढरा रंग फासला आणि आपल्या फ्रेंचमध्ये काय ते लिहिलं. ट्रेलरवाला पठाण आधीही थांबत नव्हता, नंतरही थांबला नाही. मोस्यू त्याच्यामागं धावला. "पढ़ा नहीं?" पठाण म्हणाला, "हबीबी, हम तो वो पहलेवाला भी नहीं पढ़ता था."

वरचा मॅनेजर गॉर्डन, तोही कॅनडाचाच, पण इंग्रजी बाजूचा. या दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. गॉर्डन मला इंग्रजीत सांगायचा, मला निम्मं कळायचं, ते मी हिंदीत मोस्यूला सांगायचो. मोस्यू त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा! माझ्याकडं तोंड करून विचारायचा, "क्या बोलता है?" एका देशाचे दोन साहेब, आणि मध्ये दुभाषा म्हणून मी. माझ्या इंग्रजीवर तीस मजले उभे राहिले, हे त्यात राहणाऱ्यांना कुणी सांगू नका.

जेवणाच्या सुट्टीत तो मला त्यांचं भांडण सांगायचा. म्हणायचा, एवढ्या मोठ्या देशात आम्ही फ्रेंचवाले थोडे. आमच्याच गावात कारखान्याचा मालक इंग्रज, आणि बाप माझा त्याच्याकडं खाली मान घालून काम करायचा. मग आमची पोरं उठली, म्हणाली आमचा देश वेगळा करा. दोनदा लोकांचं मत घेतलं. पहिल्यांदा आपटलो. दुसऱ्यांदा... इथं तो बोट आणि अंगठा जवळ आणायचा. "इतना सा. मेस्त्री, इतना सा रह गया."

"माझ्या शटरिंगला एवढी फट असती तर तुम्ही मला उभा सोलला असता," मी म्हटलं.

"उसमें से सीमेंट का पानी निकल जाती है," तो म्हणाला. "देश क्यों नहीं निकली?"

मला ते भांडण समजून घ्यायला पुस्तक लागलं नाही. आमच्याकडं बेळगाव कुणाचं यावर माझ्या जन्माआधीपासून चाललंय. मी पण पोरवयात मोर्चात लाठी खाल्लीय. हे ऐकून मोस्यूनं मला मिठीच मारली. मग विचारलं, "और बीवी?" म्हटलं, "कानडी." त्याच्या हातातला खुबूस रोटीचा घास तसाच राहिला. "दुश्मन की बेटी?" म्हटलं, "मोस्यू, मोर्चा रस्त्यावर. चुलीपुढं राज्य तिचंच." तो उठून गेला. मला वाटलं रागावला.

मग ती मंदी आली. आठवड्यापूर्वी फिरणाऱ्या क्रेन एकदम माना टाकून उभ्या राहिल्या. माणसं रोज कमी व्हायला लागली. आमचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, आणि ऑफिस म्हणे, यादीप्रमाणं सोडू, थांबा. त्यातच माझ्या थोरल्या पोराचा फोन. "बाबा, आईला बेळगावला ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणतात, लगेच या."

मी गॉर्डनकडं गेलो. म्हटलं, "सर, वाइफ सिक. व्हेरी सिक. पासपोर्ट." तो कागदातून मान वर न काढता म्हणाला, "एव्हरीबडीज वाइफ इज सिक. नेक्स्ट मंथ." त्याचंही खरं होतं. त्या आठवड्यात वीस जणांनी बायको आजारी पाडली होती. पण माझी खरीच होती, आणि ते सांगायला माझ्याकडं तेवढेच तीन शब्द.

बाहेर येऊन मी सळयांच्या ढिगावर बसलो. रडत होतो, लपवत नाही. मोस्यूनं विचारलं, मी सांगितलं. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच आत नेलं.

आणि बोलायला लागला. इंग्रजीत! माझ्यासारखं ठेचकाळत नाही, नळ सोडल्यासारखं. गॉर्डन आधी हसायला गेला, मग त्याचं हसू मावळलं. मोस्यूचा आवाज चढला नाही. एकदा त्यानं माझ्याकडं बोट केलं, एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला. गॉर्डननं उठून स्वतः कपाट उघडलं.

विमान संध्याकाळी होतं. मोस्यूनं मला आपल्या पिकअपमधनं सोडलं. वाटेत मी म्हटलं, "एवढं येतं तर तीन वर्षं माझा जीव का खाल्ला?"

म्हणाला, "बीवी इंग्लिश थी. बीस साल घर में यही बोला." थोडं पुढं जाऊन म्हणाला, "चली गयी. बोली, अलग होना है."

मी पडलो अडाणी, तोंडाला कुलूप नाही. म्हटलं, "तुम्हालाच तर वेगळं व्हायचं होतं की."

"देश का," तो म्हणाला. "मेस्त्री, सिर्फ देश का." विमानतळावर माझी बॅग उतरवून हातात दिली. "यल्ला. भागो."

गोव्याला उतरून सकाळी बेळगाव गाठलं. बायको शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "किती वाळलाय ओ." त्या खेपेला ती उठली. मी परत दुबईला गेलो नाही, आणि पुढची दोन वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं. आता ती नाही. घर खायला उठतं. पण ती दोन वर्षं कुणी काढून घेऊ शकत नाही.

त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यातनं मी मोस्यूला फोन लावला. म्हटलं, "पहुँच गया. है वो. बात कर रही है."

पलीकडं तो बोलायला लागला, सगळं फ्रेंचमध्ये. थांबेचना. मध्येच हसायचा, मध्येच आवाज बसायचा, परत सुरू. मला एक अक्षर कळलं नाही. मी हूं, हूं करत राहिलो.

आतनं बायकोनं विचारलं, "कोण आहे ओ एवढं बोलतंय?"

"साहेब आहे माझा," म्हटलं. "बोलू दे त्याला."