परकारचाचांच्या तारखा

परकारचाचा माणसांना नावानं हाक मारत नाहीत, तारखेनं मारतात. आमच्या ऑफिसातली फिलिपिनो रिसेप्शनिस्ट म्हणजे 'बारा जून', बांगलादेशी ड्रायव्हर 'छब्बीस मार्च', आणि शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावणारा पाकिस्तानी रहमत अर्थातच 'चौदा ऑगस्ट'. ज्याच्या देशाचा जो दिवस, तेच त्याचं नाव. भारतीय मात्र ऑफिसात फार. सगळ्यांना 'पंधरा ऑगस्ट' म्हटलं तर एका हाकेला अर्धं ऑफिस उठून उभं राहायचं, म्हणून चाचांनी आमची राज्यवार वाटणी करून टाकली. मॅनेजर केरळचे, ते 'एक नोव्हेंबर'. मी अकाउंटंट, चिपळूणचा, म्हणून 'एक मे'. माझ्यानंतर पुण्याहून एक सुपरवायझर आला, तो 'धाकटा एक मे'. खुद्द अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, कित्येक वर्षं 'अठरा नोव्हेंबर' होते. मध्यंतरी ओमानचा राष्ट्रीय दिवस अठराचा वीस झाला, तेव्हा चाचांनी केबिनमध्ये जाऊन, "अर्बाब, आजपासून तुम्ही वीस," असं त्यांना रीतसर कळवलं. अर्बाब हसून 'इन्शाल्ला' म्हणाले.

"मग चाचा, तुम्ही कोण?" मी एकदा विचारलं.

"मी स्टोअरकीपर. खलास, विषय मिटला."

मस्कतच्या अझैबा भागात आमची कंपनी आहे. हॉटेलं, शाळा, मोठमोठी दुकानं, कुणाचाही समारंभ असो, सजावट आमची. त्यामुळे चाचांच्या स्टोअरमध्ये जगातल्या बहुतेक देशांचे झेंडे घडी करून ठेवलेले असतात. त्या घड्यांवर चाचांचा जीव. झेंडा जमिनीला टेकलेला चालत नाही, सुरकुतलेला बाहेर गेलेला चालत नाही, आणि इस्त्री दुसऱ्या कुणी केलेली तर मुळीच चालत नाही. एका हॉटेलनं कुठल्याशा देशाचा झेंडा उलटा टांगला, तेव्हा चाचा स्वतः टॅक्सी करून गेले, तो सुलटा केला आणि वर तिथल्या मॅनेजरकडून टॅक्सीचं भाडंही घेऊन आले.

ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे त्यांची दिवाळी आणि ईद एकदम. चौदा तारखेची ऑर्डर आणि पंधराची ऑर्डर एकाच गाडीतून निघायची. गेल्या वर्षी तिकडे दोन्ही देशांचं चांगलंच वाजलं होतं, वातावरण तापलेलं. धाकटा एक मे घाबरत घाबरत म्हणाला, "चाचा, हे दोन झेंडे एका रॅकवर नकोत. कोणी फोटो काढून टाकला तर?"

चाचांनी इस्त्री उभी ठेवली. "रॅकला पासपोर्ट नसतो, बाला," ते म्हणाले आणि पुढची घडी उचलली. रहमत शिडीवरून हसत होता. त्यालाही चाचांनी सोडलं नाही. "चौदा ऑगस्ट, दात कसले दाखवतोस, पंधराची माळ सोड खाली."

आता एवढ्या देशांचा हा संसार सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसभर गाव एकच. दाभोळच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. मस्कतची मासळी कितीही ताजी असो, तिला 'खाडीचा चिखल लागलेला नाय'. इथल्या नारळाला चव नाही, इथल्या वाऱ्याला वास नाही. कालवांचं सार कसं करायचं हे त्यांनी फिलिपिनो रिसेप्शनिस्टलाही सांगितलेलं आहे, हिंदीतून, हातवारे करून. ती बिचारी आता कालवं बघितली की चाचांना फोटो पाठवते.

एवढी ओढ, तर माणूस घरी का जात नाही? साठी कधीच उलटली. दापोलीला मुलांचा धंदा चांगला चाललाय, मुलं 'या, या' म्हणतायत. कंपनीनं तर त्यांचा निरोप समारंभ दोनदा केला. दोन्ही वेळा केक कापला, भाषणं झाली, आणि दोन्ही वेळा चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअर उघडून इस्त्री गरम करत बसलेले. अर्बाबांना गळ घालून त्यांनी व्हिसा वाढवून घेतलेला असायचा. पहिल्या समारंभात भेट दिलेल्या मोठ्या सुटकेसमध्ये आता जपानचे झेंडे असतात.

दुसऱ्या समारंभानंतर मी जरा चिडलोच. वर्गणी जमवण्याचं काम माझ्याकडे होतं. "चाचा, एकदा काय ते ठरवा," म्हटलं. "इथं बसून गावाच्या नावानं उसासे टाकता, आणि जायची वेळ आली की पाय निघत नाही."

चाचांनी हातातली घडी सारखी केली आणि म्हणाले, "माजी धाकटी भन हाय कराचीला. जुबेदा."

आमच्या कोकणातली काही मुसलमान घरं कराचीला बंदराच्या कामाला गेली ती फाळणीपूर्वी, बोटीनं, कारण तेव्हा ते दुसरं गाव होतं, दुसरा देश नव्हता. त्यातल्याच एका नात्यातल्या घरी जुबेदाला दिली. सुरुवातीला ती येत-जात होती. आईच्या मयतानंतर आली ती शेवटची. पुढं व्हिसा मिळेना. मात्र तिचा मुलगा इथं ओमानातच, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आणि वाट निघाली. तो आईला मधूनमधून इथं बोलावतो. चाचांना भारतात राहून तिला भेटता येत नाही आणि तिला पाकिस्तानात राहून चाचांना. दोघांना एकत्र बसता येईल अशी जागा हीच, तिसऱ्याच्या घरची ओसरी.

"गावाला गेलो तर फोनपण बंद," चाचा म्हणाले. "पोरं भितात. बोलतात, बाबा, इथनं कराचीला फोन नको. त्यांची चूक नाय. दिवस तसे हायत. पन मंग मी जाऊ कसा?"

मी वर्गणीचा राग तिथंच सोडला. विषय हलका करावा म्हणून म्हणालो, "म्हणजे आपल्या घरातच एक चौदा ऑगस्ट आहे की."

चाचांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती माजी भन हाय. तिला तारीख नाय."

यंदा नोव्हेंबरच्या सुट्टीत जुबेदाबाई आल्या. चाचांनी भाच्याच्या गाडीतून त्यांना मस्कतभर हिंडवून रोषणाई दाखवली. हमरस्त्यावर पांढऱ्या, लाल, हिरव्या झेंड्यांची रांग लागली होती. प्रत्येक खांबापाशी चाचा म्हणत होते, "ह्याला इस्त्री मी केली." मग रात्रीच्या जेवणाला सगळे आमच्याकडे आले.

बाईंनी सांदणं करून आणली होती, नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र. माझ्या बायकोनं, मनीषानं, एक तोडून खाल्लं आणि तिचे डोळेच भरले, अशी ती आमच्याकडची चव. आणि बाईंची बोली. उभा जन्म कराचीत काढलेला, पण चिपळूणच्या बाजारात सोडलं असतं तर कुणी वळूनसुद्धा पाहिलं नसतं. मी मनाशी अश्रू वगैरे अपेक्षिले होते. प्रत्यक्षात भावंडांनी जेवणभर भांडण केलं. घराच्या मागच्या दारातून आधी विहीर लागते की आधी फणस, यावर.

"विहीर," चाचा म्हणाले.

"फनस. तुला काय ठाव, पानी मी भरत व्हते."

"खलास, विषय मिटला."

"काय नाय मिटला. फनस."

जेवणं झाल्यावर चाचांनी भाच्याला घड्या घालण्याचं शास्त्र सांगायला सुरुवात केली, आमची चादर घेऊन. चादर चौकोनी झाली तशी बाई सहज, भाजीला मीठ किती घालावं ते सांगावं तशा म्हणाल्या, "दादा, तू आता घरी जा."

चाचांचे हात थांबले. "आनि तू?"

"मना कुटं जाता येतंय."

"गेलो तर भेट नाय हां, जुबे. फोनपण नाय."

"ठाव हाय." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आपन दोगं हितं येतो, दोन दिवस बसतो, भांडतो. तिथं आय येकटी झोपलीय. कबरीवरचं गवत कोन काढत असंल? पोरांना कबर तरी दावलीयस का, कंची त्ये? दोगांतल्या येकानं तरी घरी असाया पायजे. मी कराचीत बसून डोले मिटले की मना दिसाया पायजे, माजा भाव मागच्या दारात बसलाय."

चाचांनी घातलेली घडी मोडली आणि चादर पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. मनीषा उठून उगाच पाण्याचा जग भरून आली. मला त्या वेळी नकाशावरच्या रेघा आखणाऱ्या सगळ्यांचा मनापासून राग आला. भाचा मान खाली घालून बसला होता.

सुट्टी संपली, मनीषाचा नंबर घेऊन बाई सोहारला आणि तिथून कराचीला गेल्या. त्यानंतर एका सकाळी चाचा अर्बाबांच्या केबिनमध्ये शिरले. दरवर्षी या दिवसांत ते व्हिसासाठी जातातच, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"वाढवला का?" मी विचारलं.

"नाय. तिकीट देतो बोलला. एका बाजूचं." चाचांनी टेबलावरची माझी फाइल उचलली, तिच्या दोऱ्या नीट ओढून घट्ट बांधल्या आणि परत होती तिथं ठेवली. "जुबीचा फोन तुज्या घरी आला तर एवड्यात सांगू नको हां. तिनंच जा बोललंय, पन रडंल ती."