द्वारकाआत्यांच्या ढगस्वारीची हकीकत

श्री. नभोदेवता प्रसन्न असो. वाऱ्यास नमन, वाऱ्यावर तरंगणाऱ्यांस नमन, आणि खिडकीस विशेष नमन, की जिच्यावाचून उडणे आणि घरी बसणे एकच. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मास, दिवाळीची सुटी. त्या समयी कोणी एक राज्य होते. नाव सांगत नाही. राज्य लहान, तीन खोल्या आणि एक गच्ची, परंतु मनसुबे थोर. राज्याचे धनी श्रीनिवासराव रिसबूड, आमचे तीर्थरूप. मातुश्री हेमलताबाई, कारभार सर्व त्यांचे हाती. आणि लेखनकामी आम्ही, इयत्ता दहावी, अक्षर बरे, हिंमत नुकतीच आलेली पण आली ती भरपूर.

धन्यांच्या वडील भगिनी द्वारकाआत्या. त्या लग्न होऊन तीस वर्षे नदीपलीकडच्या मुलखात नांदत होत्या, आणि तेथील शाळेत अठ्ठावीस वर्षे भूगोल शिकवून चैत्रमासी निवृत्त जाहल्या. त्यांचे यजमान माधवराव जमीन सोडण्यास राजी नसत, जिन्याच्या वरच्या पायरीवरही कठडा धरून उभे राहात, सबब आत्यांस विमान कधी घडले नाही. आणि गणपतीत त्या आमच्या गच्चीवर पापड वाळत घालीत असता आभाळाकडे पाहोन बोलिल्या की, "ठमे, मी पोरांना राशीमेघ शिकवले, स्तरमेघ शिकवले, तंतुमेघ शिकवले, कोण किती उंच ते पाठ करून घेतले. पण मी आपली कायम खालीच. एकदा त्यांची वरची बाजू बघायची आहे ग. कशी असेल?" मग आम्ही खाली येऊन धन्यांस अर्ज केला, आणि धनी बोलिले, "दिवाळीत दक्षिणेस समुद्रावर जाऊ, चौघे. ताईला ढग दाखवू." ऐसी मसलत ठरली.

मग आम्ही विमानांच्या जातींचा शोध आरंभिला. आठ दिवस तेच. मातुश्रींस वाटे, भूमिती चालली आहे. एक जात रुंद पोटाची, आत दोन गल्ल्या, मध्ये बसणारास आकाश म्हणजे ऐकीव गोष्ट. दुसरी जात एअरबस नामे, गल्ली एक, दोहों अंगांस तीन तीन आसने, आणि पंख पोटाखालून निघतो, म्हणोन मधल्या रांगांत खिडकी मिळाली तरी दिसतो तो पंखच, जणू कोणी इतक्या लांब जाऊन शेजाऱ्याचा पत्रा पाहात बसावे. तिसरी जात एटीआर, लहानखुरी, पंख छपरावर, आणि पंखांस दोन मोठाले पंखे, तिचे चित्र वर्गात दाखविले तो मैत्रीण बोलिली, "अय्या, हे तर टेबलफॅन लावून उडतंय!" आणि सर्व बाक हसला. आम्हीही हसलो, खोटे कशास बोला. सुट्यांचे विमान चालविणारी एक कंपनी, तिचे दक्षिणेस सकाळी जाणारे विमान एअरबस होते, ते आम्ही मुक्रर केले, आणि आत्यांसाठी सातवी रांग, डावी खिडकी हेरून ठेविली. पंखाच्या पुढे, आणि सूर्य डावीकडे, म्हणजे ढगांवर ऊन कसे छान पडेल! बीजगणिताच्या तासास आम्ही त्याच खिडकीत बसलेले असू, आणि फळ्यावरचे क्ष आणि य पांढरे पांढरे होत होत तरंगू लागत.

मग बुकिंगचा दिवस उजाडला. धनी संगणकापुढे विराजमान जाहले, मातुश्री कणकेच्या हातांनी मागे उभ्या, आम्ही उजवे बाजूस. आणि त्या संकेतस्थळाचा जाच काय वर्णावा! वर कोपऱ्यात दहा मिनिटे उलटी पळत होती, आणि खाली तांबड्या अक्षरांत फर्मान की याच जागा आणखी अकरा जण पाहात आहेत. "कोण आहेत हे अकरा?" धनी गरजले. मग त्याने विचारिले की आपण यंत्र नव्हे हे सिद्ध करा, ज्या चौकटींत सायकल आहे त्या निवडा, आणि एका चौकटीत सायकलचे केवळ हँडल होते, त्यावरून नवराबायकोत वाद जाहला, आणि दीड मिनिट गेले. मग जेवणाचे विचारिले, मग विम्याचे, मग गाडी हवी काय, मग हॉटेल हवे काय. मातुश्री बोलिल्या, "अहो, ते सगळं नको म्हणा, नावं घाला आधी!" आणि धन्यांनी भराभर नावे घातली, आणि पहिले नाव आत्यांचे घातले. आम्ही तिघांनी ते तीनदा वाचिले, आणि तिघांसही ते बिनचूक वाटले. मग तिकिटे आली आणि राज्यात शिरा जाहला.

कूच करण्यास चार दिवस राहिले तेव्हा आत्या डेरेदाखल जाहल्या. आम्ही फॉर्म भरणे म्हणोन त्यांचे आधारकार्ड मागितले, त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून काढून दिले. त्यावर लिहिले होते, सुनेत्रा माधव चांदोरकर. आणि तिकिटावर होते, द्वारका गजानन रिसबूड. आम्ही कार्ड पाहावे, तिकीट पाहावे, पुन्हा कार्ड. लग्नात जावयांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले आणि आत्या सासरी सुनेत्रा जाहल्या, हे राज्यात सर्वांस ठाऊक होते आणि कोणासही आठवले नव्हते. माहेरी त्यांस त्या नावाने कोणी एकदाही हाक मारिली नव्हती.

धनी डोके धरोन बसले. "ताई, हातच तसा गेला ग. तुझ्या जुन्या वह्या मी वापरल्या ना, सगळ्यांवर तेच नाव असायचं."

मातुश्री बोलिल्या, "वन्सं, माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं."

आत्या तिकीट हाती घेऊन पुष्कळ वेळ पाहात राहिल्या, आणि बोलिल्या, "कित्येक वर्षांत हे नाव कोणी छापलं नव्हतं रे, शिरू." आणि मग सावध होऊन, "बरं. विमानात सोडतील का मला, ते बोल."

तेच तर! त्या दिवशीच्या त्या विमानाचे नवे तिकीट देणे कंपनीने बंद केले होते, पुढले विमान सुटी संपल्यावर, आणि नाव न जुळे तर आत्यांनी दारातून परत फिरावे. मग धन्यांनी कंपनीस फोन लाविला. आधी वीस मिनिटे बासरी वाजली. मग एक प्रतिनिधी आले, नाव प्रणीत, वाणी मधाची, नियम लोखंडाचा. त्यांनी सांगितले की नावात तीन अक्षरांपर्यंत दुरुस्ती होते. धनी बोलिले, "अहो, सगळंच नाव बदललंय, आडनावासकट!"

"सर, मग तो दुसरा प्रवासी झाला."

"दुसरा कसा? माझी बहीण आहे!"

"सर, लग्नामुळे नाव बदललं असेल तर पुरावा पाठवा. विवाह नोंदणीचा दाखला."

दाखला नव्हता, त्या काळी तिकडे कोणी काढीत नसे. धन्यांस तेज चढले. "लग्नाचा फोटो आहे! ताट आहे, तांदूळ आहेत, तांदळात सुनेत्रा असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पाठवू?"

मग प्रणीत अदबीने बोलिले, "सर, तांदूळ चालत नाहीत."

तेव्हा आम्ही न राहवून फोन आपल्या हाती घेतला (मातुश्रींनी डोळे वटारिले, आम्ही पाहिलेच नाही) आणि विचारिले, "दादा, तांदूळ नाही, दाखला नाही, तर मग काय काय चालतं? सगळं वाचून दाखवा, आम्ही लिहून घेतो." त्यांनी वाचिले, आणि चौथ्या क्रमांकी आले राजपत्र. तो शब्द उच्चारिताच आत्या उठोन उभ्या राहिल्या. "अग, ते आहे माझं! पदवी द्वारकेची आणि नेमणूक सुनेत्राची, असं चालणार नाही म्हणून मोठ्या बाईंनी सरकारी राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यायला लावली होती. घरी आहे. भिंतीवरच्या नकाशांच्या गुंडाळीत."

मग माधवरावांस फोन गेला. गुंडाळ्या बेचाळीस, आणि त्या माळ्यावर, आणि माळ्यास शिडी, आणि शिडीस चार पायऱ्या! आत्या फोनवरून वर्गात बोलावे तैशा बोलत होत्या, "आशिया नको. आफ्रिका उलगडा. खाली बघू नका." आणि जो पुरुष कठड्यावाचून जिना चढत नसे तो आपल्या कुटुंबास आभाळात धाडण्याकरिता शिडीच्या चवथ्या पायरीवर उभा राहिला, आणि पर्जन्याच्या नकाशातून राजपत्र निघाले. त्याचे छायाचित्र आले ते उलटे, कोपऱ्यावर अंगठा, परंतु दोन्ही नावे एका ओळीत स्पष्ट. ते कंपनीकडे रवाना केले. उत्तर आले की आपली विनंती विचाराधीन आहे. दुसरे दिवशीही विचाराधीन. तिसरे दिवशीही. आत्या बॅग भरीत, मग थांबत, मग वरचा स्वेटर काढोन ठेवीत आणि पुन्हा घालीत.

निघण्याच्या आदले दिवशी दुपारी खलिता आला. नाव मंजूर! आणि खाली दुसरे कलम: प्रवासी संख्या कमी असल्यामुळे विमान बदलण्यात आले आहे, आता एटीआर जाईल, जागा नव्याने दिल्या आहेत. आत्यांचे तिकीट दुरुस्तीत वेगळे निघाले होते, म्हणोन त्यांस एकटीस सहावी रांग, उजवी खिडकी. आम्ही तिघे मागे, डावीकडे. आमचा सर्व अभ्यास बुडाला! सूर्य डावीकडे आणि आत्या उजवीकडे, सावलीत. त्यात टेबलफॅन, जे एअरबसच्या मानाने खालूनच उडते. आम्ही रडकुंडीस आलो. आत्या बोलिल्या, "ठमे, दारातून आत सोडतायत ना? मग झालं तर."

कार्तिक शुद्ध सप्तमी, मंगळवार, सकाळी साडेआठ. विमानापर्यंत चालत गेलो, आणि मागील दाराने चढलो, आणि ते इतके ठेंगणे की धन्यांचे डोके लागले. दारातील बाईंनी पास पाहोन म्हटले, "सुस्वागतम्, सुनेत्रा मॅडम," आणि धनी मागून म्हणत होते, "ताई, पाय सांभाळ," आणि आत्या दोघांसही हसल्या. मग पंखे फिरू लागले, मग ते दिसेनासे जाहले, मग जमीन हळूच सुटली, जैसे झोपेत हातातले पुस्तक सुटते. आम्ही पांढऱ्यात शिरलो. खिडकीत काही नाही, केवळ दूध. आणि मग एकाएकी वर आलो. ढग जवळ होते! फार जवळ, कारण आमचे टेबलफॅन उंच जाईना. त्यांचे बुरूज, त्यांच्या गल्ल्या, त्यांचे अंगण, सर्व खिडकीखालून संथ सरकत होते, आणि कोणी राहात असल्याप्रमाणे स्वच्छ झाडलेले होते. आम्हांस मात्र आत्यांचा अंबाडाच दिसत होता. तो हलेना. आम्ही मनात म्हणत होतो, वळा, एकदा तोंड दाखवा, आवडले काय ते कळू द्या.

तो आत्या ताडकन वळल्या आणि अठ्ठावीस वर्षांच्या खणखणीत आवाजात सर्व विमानास बोलिल्या, "उजवीकडे बघा! सगळ्यांनी! इंद्रवज्र!"

त्यांचे शेजारी एक गृहस्थ कानांवर हेडफोन लावून निजले होते, त्यांस कोपराने हालवून म्हणाल्या, "उठा हो, हे रोज येत नसतं." सेविका लगबगीने आली, "मॅडम, प्लीज बसून घ्या," आणि वाकली, आणि वाकलेलीच राहिली. आम्ही पट्टा सोडोन पुढे धावलो. खाली ढगांवर आमच्या विमानाची सावली पळत होती, पंखांसकट, आणि सावलीभोवती रंगांचे पूर्ण कडे, तांबडे, हिरवे, निळे, वाटोळे, अखंड, सावलीबरोबर धावणारे. सूर्याच्या उलट बाजूसच ते दिसते, आणि विमान ढगांजवळ असेल तरच ऐसे ठळक. डाव्या खिडकीस त्या दिवशी केवळ ऊन होते.

धनीही मागून आले आणि बहिणीच्या खांद्यावरून पाहू लागले. "सगळ्या विमानाभोवती आहे ग, ताई."

"नाही रे, शिरू," आत्या बोलिल्या, आवाज एकाएकी लहान मुलीचा. "ज्याचं त्याला वेगळं दिसतं. जो बघतो त्याच्याच सावलीवर मधला ठिपका. नीट बघ. माझं सहाव्या खिडकीभोवती आहे."

आणि त्यांनी काचेस कपाळ टेकिले, आणि ढग संपेपर्यंत कोणी त्यांस हाक मारिली नाही, कोणत्याच नावाने.

येणेप्रमाणे ढगस्वारी जाहली. गेले चार, परतले चार. आत्यांस वरची बाजू कशी असते ऐसे पुसले असता त्यांनी सांगितले की, "खालच्यापेक्षा बरीच मोठी." घडले ते लिहिले, खिडकीबाहेर राहिले ते तिथेच असो.