शालनमामीचे वाल आणि पितळी घंटा

शालनमामीच्या दारावरची पितळी घंटा मी उतरवली, तेव्हा ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मी म्हणालो, "मामी, ही मंडळाची वस्तू आहे. यंदा जो जिंकेल त्याला द्यावी लागेल." तिने घंटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मंडळात माझं नाव लिव." मी हसलो. घंटा उतरवणं ही चूक होतीच, पण ते हसणं तिच्याहून मोठी.

आमचे मामा बोटीवर फिटर होते. सुट्टीवर पेणला आले की येताना एखादी अजब वस्तू आणायचे. एकदा भंगारात निघालेल्या बोटीची घंटा आणली आणि एकदा पोकर आणला, म्हणजे तो खेळ. पाच पानं घ्यायची, नको ती बदलायची आणि मग डाव लावायचा. रोह्याला मी आणि धाटावच्या कंपन्यांतले काहीजण त्या खेळाच्या नादी लागलो, तेच आमचं मंडळ. श्रावणात एका रविवारी माझ्या घरी स्पर्धा भरायची. सगळ्यांना सारखे चिंचोके वाटायचे, संपले की उठायचं. वर्गणी पाच रुपये, ती भजी-चहात जायची. बक्षीस म्हणून मामांनी आपली घंटाच देऊन टाकली होती. जिंकणाऱ्याच्या घरी ती वर्षभर राहायची. शेवटच्या वर्षी मामाच जिंकले, घंटा आपल्या दारावर परत आली आणि पूर्वीसारखी ती वाजवूनच मामा आत येऊ लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा गेले.

मी हसलो त्याला कारण होतं. मामा सुट्टीवर असले की रोज जेवणानंतर नवराबायकोचा डाव रंगायचा आणि मामी रोज हरायची. मी लहानपणापासून हेच पाहत आलो होतो. म्हणून नाव लिहिलं आणि तिला माझ्याच टेबलावर बसवलं. आयते चिंचोके मिळतील, असा माझा हिशोब.

मामी पेणहून एसटीने आली ती मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊनच. "संध्याकाळी बिरडं करायचंय. नुसतं बसून काय करू?" ती पानं एकदाच बघायची, उलटी ठेवायची आणि वाल सोलायला घ्यायची. आपली पाळी आली की म्हणायची, "पॅक," म्हणजे पानं टाकून त्या डावातून बाहेर. सकाळभर दुसरं काही नाही. पॅक, की एक वाल. पॅक, की दुसरा वाल.

"मामी, खेळायला आलीस की बिरड्याला?" कोणीतरी विचारलं.

"सुपातले हसतात," मामी म्हणाली. "तुमी हसा."

दर डावाला प्रत्येकाने मध्ये चिंचोके टाकायचे, त्याला आम्ही बूट म्हणायचो. तो तासातासाला दुप्पट व्हायचा. आमच्यातले शूर वीर बूट लहान असतानाच भांडून एकमेकांना संपवत होते. बूट वाढला आणि उरलेले बिचकले, तेव्हा मामीने पदर खोचला. भजीच्या ताटाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "विनू, ज्याला पानं टाकवत नायत त्याला थाप मारू नये. तो बघतोच. थाप शहाण्याला मारावी. तू शहाणा हायस."

याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. त्या वेळी माझ्या लक्षात एवढंच आलं होतं: चांगली पानं आली की मामीचा सोलणारा हात थांबतो. दोनदा हात थांबला आणि दोनदा मी राजांची जोडी टाकून दिली. तिसऱ्यांदा उरलेसुरले चिंचोके बुटातच गेले आणि मी उठलो.

माझ्याच घरात, मामीकडून, वालांसमोर हरलो. ते मला सोसलं नाही. शेवटी तिच्यासमोर डोलवीचे पाटील ठेकेदार उरले, तेव्हा मी चहा देण्याच्या निमित्ताने त्यांच्या कानाला लागलो. "हात थांबला की पळा. चालू असला की तिच्याकडे काही नाही."

पाटलांनी आयुष्यात पान टाकलेलं नव्हतं, पण एवढं त्यांनी ऐकलं. एक-दोनदा मामीचा हात थांबला आणि पाटील चक्क पॅक झाले. मग एका डावाला मामीने पानं बदलली, उलटी ठेवली आणि सगळे चिंचोके पुढे सरकवले. हात मात्र वालांवर चालूच. एक साल, दुसरं साल. पाटलांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला.

"वहिनी, पाटील बघतो," असं म्हणून त्यांनी सगळं मध्ये ढकललं. एक्क्यांची जोडी, गुलामांची जोडी.

मामीने हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला, बोटं पदराला पुसली आणि पानं उलटली. तीन राण्या, दोन दश्श्या.

खोलीत टाळ्या सुरू झाल्या आणि पाटीलच सगळ्यात जोरात वाजवत होते. "बाईने सोललं मला," म्हणाले आणि घंटा स्वतः तिच्या हातात दिली. बिरडंही तेच सगळ्यात जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी मी मामीला पेणला पोचवायला गेलो. घंटा जुन्या खिळ्यावर टांगली. एसटीत सगळा रस्ता जे जिभेवर होतं ते शेवटी बोललो. "मामी, पाटलांना मी सांगितलं होतं."

"ठावं हाय. तू सांगशील म्हणून तर पानं काय नसताना तुज्यासमोर हात थांबवला." ती हसली. "बस. दोन डाव टाकू."

आम्ही खेळलो आणि मी जिंकत गेलो. वाटलं, कालचं तिचं नशीब होतं. पानं गोळा करताना तिने पॅक केलेली पानं माझ्या हातून उलटली. तीन राजे होते.

"मामी, मामांशी पण असंच खेळायचीस?"

ती पानं पिसत राहिली. "दुसऱ्या दिवशी बोटीवर जायचे ते. हरलेला माणूस दर्यावर कसा धाडू?"

"मग आज?"

"आज तू जायचास."

बाहेर वाऱ्याने घंटा जराशी वाजली. मामीने दाराकडे पाहिलं, पटकन, सवयीने, आणि पुन्हा पानांकडे. मी तिच्या हातातली पानं काढून खाली ठेवली आणि म्हणालो, "मामी, घंटा मी उतरवायला नको होती. आणि तू नाव लिव म्हणालीस, तेव्हा हसायला तर मुळीच नको होतं. चुकलो मी."