शेवाळाची हजामत

दाजींचा फोन आला तेव्हा सलूनवाला मेहुणा खुर्ची झटकत होता.

"ऐक, इथे दवाखान्यात एकाची अक्कलदाढ अडकलीय. पाच वाजता मत्स्यालय मंडळाच्या स्पर्धेचे परीक्षक आपला फिशटँक बघायला घरी येतायत. मागच्या भिंतीवरचं शेवाळ जरा वाढलंय. फक्त शेंडे छाट. दोन मिलिमीटर. कळलं?"

"दाजी, तुम्ही निर्धास्त राहा!"

दातांच्या डॉक्टर दाजींनी अकरा वर्षांत मेहुण्याला पहिल्यांदाच काही काम सांगितलं होतं. आता आपली किंमत कळेल, या आनंदात त्याने ठेवणीतली कात्री घेतली आणि ताईचं घर गाठलं.

ती भिंत म्हणजे दाजींचा जीव की प्राण. टाकीच्या मागच्या काचेला बुचाची फळी चिकटवून त्यांनी तिच्यावर शेवाळाचा एकेक झुपका दोऱ्याने बांधला होता. झुपक्यांनी फळी घट्ट धरेपर्यंत आठ महिने त्यांनी टाकीत कुणाला बोट घालू दिलं नव्हतं. पाणवनस्पतींचं पहिलं बक्षीस घरात आल्यातच जमा होतं.

मेहुण्याने बाही सारून शेंडे छाटले, दोन पावलं मागे सरकून मान वाकडी केली. डावीकडे जरा जास्त वाटलं, म्हणून डावीकडे घेतलं. मग उजवी बाजू फुगीर दिसायला लागली. ती बसवली तर मधे तुरा उरला. तुरा गेला आणि कडा डोळ्यांत खुपू लागल्या. हात सरावाचा, त्यामुळे काम झपाट्याने चाललं होतं.

ताई चहा घेऊन आली आणि कप हातातच राहिला.

"अरे मेल्या! हे काय केलंस?"

"सारखं करत होतो गं."

"सारखं? नुसतं बूच दिसतंय!"

तेव्हा कुठे त्याने नीट पाहिलं. फळी उघडीबोडकी, तिच्यावर दोऱ्याची लक्तरं आणि आठ महिन्यांची हिरवाई पाण्यावर तरंगतेय. त्याने घाईघाईने गोंदाची नळी आणली. तीन झुपके फळीला चिकटले, चौथा अंगठ्याला. आणि बेल वाजली.

दाजी आणि परीक्षक दारातच भेटले होते. "आठ महिन्यांची तपश्चर्या आहे, बघाच तुम्ही," असं म्हणत दाजी आत आले आणि टाकीसमोर थिजले. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला सांगणाऱ्या माणसाचं तोंड उघडलं ते मिटेचना. मेहुण्याला वाटलं, आता ताईचं माहेर तुटलं.

परीक्षकांनी मात्र काचेला नाक लावलं. "डॉक्टर, हे मासे..."

"कसले मासे?" दाजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं. सहा बारके मासे आणल्याचं त्यांना आठवत होतं. झाडीत शिरल्यापासून ते कुणाला धड दिसलेही नव्हते.

"सत्तावीस, अठ्ठावीस... एकतीस! अहो, ही जात टाकीत पिल्लं देत नाही! मी नऊ वर्षं प्रयत्न करतोय!" परीक्षकांचे डोळे पाणावले. "वनस्पतींचं सोडा. मत्स्यसंवर्धनाचं पहिलं बक्षीस तुमचं!"

लगेच त्यांनी मोबाइल दाजींच्या तोंडासमोर धरला. "मंडळाच्या सगळ्या सभासदांना सांगा डॉक्टर, या यशाचं रहस्य काय?"

दाजींनी त्या बोडक्या भिंतीकडे पाहिलं, मग हिरव्या अंगठ्याच्या मेहुण्याकडे.

"संयम," ते म्हणाले.