शिक्का किती वाकवावा

जपानमधल्या नागानो शहरातल्या एका कंपनीला कागदमुक्त कचेरीचा प्रचार करणारी वेबसाइट हवी होती. मिनोरी हिरुमानं ती घरी बसून, दोन महिने राबून तयार केली. काम सगळ्यांना पसंत पडलं. तेव्हा मिनोरीनं ईमेलनं बिल पाठवण्याचा उतावीळपणा केला.

कंपनीचे हिशेबनीस ओगिवारासान यांचा तातडीनं फोन आला. "बिल कागदावर पाठवा. तुमच्या नावाचा शिक्का मारून."

"पण तुम्ही तर कागद सोडलाय ना?"

"अहो, ते गिऱ्हाइकांना सांगायला!"

बाहेर बर्फ साचला होता आणि मिनोरीचा हीटर बंद पडला होता. नवा याच पैशांतून यायचा होता. तिनं हातमोजे न काढताच शिक्का मारला. आठवड्यात बिल परत आलं.

"शिक्का ताठ उभा आहे हो," ओगिवारासान हळहळले. "डावीकडे आमच्या विभागप्रमुखांचा शिक्का पडणार. तुमचा त्यांच्याकडे जरा झुकायला नको? काल साहेबांना जेवण गेलं नाही."

मिनोरीनं शिक्का चांगला झुकवला. तेही बिल परत आलं. इतकं झुकणं म्हणजे साहेबांची थट्टा होती.

"मग कोणी किती वाकायचं, ते एकदा ठरवून तरी टाका!" मिनोरी कडाडली.

ही सूचना कंपनीला फार आवडली. तीन बैठका झाल्या आणि हुद्द्याप्रमाणे शिक्का आपोआप वाकवणारी सोय वेबसाइटवर करण्याचं काम मिनोरीलाच मिळालं. दोन्ही बिलं एकदम निघतील या आशेवर तिनं गारठलेल्या बोटांनी ती सोय चोख करून दिली. बाहेरून काम करणाऱ्यांचा हुद्दा काय, हे कंपनीनं कळवलंच नाही. तो रकाना तिनं रिकामा ठेवला.

मग तिनं आपली बिलं चढवली. हुद्दाच नाही म्हटल्यावर पडद्यावर तिचा शिक्का वाकू लागला. कनिष्ठ कारकुनापेक्षाही जास्त वाकला, आडवा झाला आणि शेवटी पालथा पडला. पालथा शिक्का वाचता येत नाही, या कारणास्तव दोन्ही बिलं नामंजूर झाली.

"आता आमच्या हातात काही नाही," ओगिवारासान सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले. "तुमचीच यंत्रणा. वशिला चालत नाही बघा तिथं!"

मिनोरी रजई पांघरून तक्रार लिहायला बसली. सुरुवातीला तिनं तसदीबद्दल क्षमा मागितली, शेवटी पुन्हा एकदा मागितली.

हसू आलं ना? खुशाल हसा. फक्त स्वतःच्याच हक्काच्या पैशांसाठी केलेला आपला शेवटचा अर्ज काढा आणि 'आपला नम्र'खालची सही किती वाकली आहे, ते मोजून ठेवा.