चंद्रभुग्याचा नारळ

एका जंगलात, म्हणजे आपल्याकडच्या नाही हं मुलांनो, पार लांबच्या एका चंद्रावरच्या जंगलात, साळूबाई नावाची साळिंदर राहायची. बिळात तिची तीन पिल्लं. आणि बिळाच्या बरोब्बर वर, वडाच्या पारावर, सिंहमहाराजांनी बॉम्ब आणून ठेवलेला.

बॉम्बचं नाव चंद्रभुगा. दिसायला भोपळ्याएवढा, पण फुटला की अख्ख्या चंद्राचा भुगा! समोरच्या चंद्रावर कोल्हे राहायचे, त्यांच्यासाठी होता तो. आत यंत्र कसलं होतं ते मात्र विचारू नका. तुमची ही मावशी अजून कुकरच्या शिट्टीला दचकते.

"उद्घाटनाला नारळ फोडू," महाराज म्हणाले.

"कशावर?" बॉम्ब बनवणाऱ्या घुबडशास्त्रींनी विचारलं.

"कशावर म्हणजे? बॉम्बवर! नवी गाडी आली तरी फोडतो आपण."

"महाराज, त्याला नुसता ठोका बसला तरी..."

"शास्त्रीबुवा, शुभ बोला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. पिल्लांना घेऊन पळावं, तर पळणार कुठे? चंद्र तो केवढासा!

तिने हळदकुंकवाचं तबक उचललं आणि गर्दीत शिरली.

"अस्वलभावजी, नारळ म्हणे डुक्करभावजी फोडणार. तुम्ही महाराजांचे मामेभाऊ असून! असो. मला काय."

मग रानडुकराकडे. "भावजी, मांडव घालून तुमची कंबर मोडली, आणि नारळ अस्वलाच्या हातात? असो. मला काय."

झालं!

"पहिला मान माझा!" अस्वल गरजलं.

"हट्! मांडवाचा एक खांब तरी रोवलास का?"

गेंडा रुसून पाठ फिरवून बसला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. महाराज म्हणाले, "थांबा, मीच फोडतो." तर राणीसाहेब फणकारल्या, "आणि माझ्या भावाने नुसत्या टाळ्या पिटायच्या?"

उद्घाटन पुढे ढकललं. मग आणखी पुढे. नारळाला कोंब आला, तरी मान कुणाचा ते ठरेना.

एके दिवशी पिल्लं ओरडली, "आई, समोरचा चंद्र कुठे गेला?"

आभाळात नुसती धूळ होती.

"कोल्ह्यांनी आपली नक्कल करून चंद्रभुगा बनवला होता," घुबडशास्त्री हळूच म्हणाले. "उद्घाटनही अगदी मुहूर्तावर झालं. भांडण नाही, तंटा नाही. सगळ्यांनी मिळून एकच नारळ धरला म्हणे."

तात्पर्य : एकीचं बळ फार मोठं असतं, मुलांनो, म्हणून ते जपून वापरावं. आणि घरात बॉम्ब आणलाच, तर पूजेला आधी रुसणारे भावजी बोलवावेत.